क्लिफनं आवळलेलं झाकण

चहात बुडालेली माशी.

रेडिओवर लोकरीचे भाव.

क्लिफचा डावा हात, मार्चपासून मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

चार लिटरचा ऑइलचा डबा, अजून न उघडलेला.

चार्लव्हिल : दोनशे दहा किलोमीटर.

गुरुवार.

सोमवारी भाचीचा फोन आला होता : आईला बघायचं असेल तर याच आठवड्यात ये, मावशी. भाचीची आई बेव, लोरेनची एकुलती एक बहीण, चार्लव्हिलच्या दवाखान्यात होती. पण अर्धांग झालेल्या नवऱ्यापाशी बसायला माणूस मिळेना. शेवटी चाळीस किलोमीटरवरची शेजारीण ग्लेनिस आज दुपारी येते म्हणाली. सकाळी लोरेननं गाडीचं ऑइल मोजायची पट्टी उपसली, तर टोक कोरडं. आता ऑइल ओतायचं म्हटलं तर इंजिनावरचं झाकण हलेना.

इकडची माणसं धुळीला भितात. नुसत्या हातानं लावलेल्या झाकणावर कुणाचा विश्वास नाही, वरून पकडीनं एक पीळ देतातच. क्लिफ दोन द्यायचा. खालचं रबर इंजिनाच्या आचेनं चिकटून बसलं होतं.

"हातोडी घे," क्लिफ व्हरांड्यातून म्हणाला, अर्ध्या तोंडानं. "कडेला स्क्रूड्रायव्हर लाव अन् हाण."

"म्हणजे झाकण फुटेल, तुकडे इंजिनात जातील, अन् मी बसते इथंच."

"शहाणी झालीस की, म्हातारे! चाळीस वर्षं कुठं ठेवली होतीस ही अक्कल?"

तिनं इंजिनाला हात लावून पाहिला. गार होतं. झाकणाभोवतीची लाल धूळ ब्रशनं झाडली, उघडल्यावर आत पडायला नको म्हणून. मग गरम पाण्यातून पिळलेलं फडकं झाकणावर दाबून धरलं.

"शेकतेस काय त्याला? मला नाही कधी शेकलंस."

"तू एवढा कामाचा कधी नव्हतास."

तो हसला. हनुवटीवर ओघळलेली लाळ त्याला पुसता येत होती, पण ती पुसायला येईल म्हणून तो थांबला. ती गेली नाही. तिनं रबरी हातमोजा चढवला, जोर लावला. हात सटकला आणि नख उलटलं.

"बेव काही तुझ्यासाठी थांबायची नाही," क्लिफ म्हणाला.

लोरेन व्हरांड्यात गेली आणि वाकून त्याच्या कमरेचं बक्कल सोडायला लागली.

"ए! काय करतेस?"

"पट्टा हवाय."

"अगं, पण पँट—"

"तुला कुठं जायचंय?"

तिनं पट्ट्याचे दोन वेढे झाकणाला घट्ट घातले, उरलेलं टोक पान्ह्याच्या दांड्याला गुंडाळलं आणि हिसका न देता, हळूहळू जोर वाढवत ओढलं. आतून चर्र आवाज आला. झाकण फिरलं. अख्खं निघालं, रबरसुद्धा. तिनं थोडं थोडं ऑइल ओतलं, पट्टी बुडवून पाहिली, परत ओतलं. मग झाकण बोटांनीच बसवलं, त्याच्याकडे बघत.

"पकड मार त्यावर."

"नाही मारत."

ग्लेनिसची गाडी फाटकातून आत आली.

"पट्टा दे माझा," क्लिफ हलकेच म्हणाला. "ती बघेल."

"बघू दे."

पट्टा मागच्या सीटवर टाकून लोरेन निघाली. शंभराच्या खाली तिनं काटा येऊ दिला नाही. बेवला काय काय सांगायचं, ते ती मोठ्यानं बोलून पाहत होती.

बेव मंगळवारी दुपारी वारली. भाचीचा फोन क्लिफनं घेतला, तेव्हा लोरेन मागे कपडे वाळत घालत होती. सांगतो, म्हणाला होता.