पाव फेरा

लवू परबाच्या चेनसॉचा सायलेन्सर खोलला, तेव्हा बाबल मेस्त्रीला आत आपलं कालचं जेवण सापडलं.

ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही. चावून मऊ झालेला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे काटे, तिरफळाची काळी साल, आणि सगळ्याला धरून ठेवणारी, शेंबडासारखी लोंबणारी काजळी. वास बांगड्याचा होता आणि जळक्या ऑईलचाही. बाबलने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो लगदा पेपरावर काढला, चाळवला, तर त्यात दाढेचा टवका निघाला. काल दुपारी भातातल्या खड्यावर त्याची दाढ फुटली होती आणि टवका नकळत गिळला गेला होता. त्याने फुटक्या दाढेवर जीभ फिरवली आणि टवक्याकडे पाहिलं. घशाशी आंबट पाणी आलं, ते त्याने दाराबाहेरच्या अळवात थुंकलं.

"काय गावला?" लवूने विचारलं. लवू झाडं तोडायचा, आणि मशीन दुरुस्त होईपर्यंत स्टुलावरून हलायचा नाही.

"जेवान."

"कोणाचा?"

"माझा."

"तरीच वास मारी होतो," लवू म्हणाला. "माका वाटला, ऑईल भेसळीचा."

सहा महिने झाले, बाबलच्या अंगाला खाल्लेलं लागत नव्हतं. पट्ट्याला त्याने स्वतःच ड्रिलने तीन नवी भोकं पाडली होती. तिठ्यावरची माणसं कुजबुजायची की शेवंती नवऱ्याला उपाशी ठेवते. बिचारी शेवंती! दुरुस्तीच्या कारखान्याला लागूनच घर, तिथून ती दोन वेळा ताट वाढून हाक मारायची आणि त्याचा शेवटचा घास होईपर्यंत समोरून उठायची नाही. तिला सातवा महिना होता, लग्नानंतर अकरा वर्षांनी. आज सकाळीच तिने बाबलचा हात धरून पोटाच्या उजव्या अंगाला ठेवला होता. पोर फक्त तिथेच लाथ मारायचं. एक लाथ, मग जरा थांबून दुसरी.

आणि आता हे. आपण जेवायचं आणि पचवायचं दुसऱ्याने, तेही असं, न विचारता! बाबलला त्या मशीनची अशी शिसारी आली की ते उचलून विहिरीत टाकावं. पण पुन्हा वाटलं, त्या विहिरीचं पाणी आपणच पितो.

"भोक मोठा करा," लवू म्हणाला. "उद्या चिंचेचो बुंधो कापूचो आसा. मशीन दम घेणा नाय."

बाबललाही ते पटलं. गुदमरलेलं मशीन जास्त खातं, हे त्याने शंभर इंजिनांत पाहिलं होतं. धूर मोकळा सुटला की मशीन शांत होईल आणि आपलं जेवण सोडेल. भोक वाढवलं की पेट्रोलही वाढवावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस हिशेबातलं सोयीचं तेवढं आधी आठवतो.

त्याने सायलेन्सरच्या तोंडावरची जाळी उपसली. तिच्यावर भाताची साय धरली होती, ती सोलताना ताणली गेली आणि तुटली. मग आठाची बिट लावून त्याने ड्रिल टेकवलं. पत्र्याचा गरम चुरा पडायला हवा होता. पडला तो ओला होता, हिरडीसारखा गुलाबी. एक कण उडून त्याच्या खालच्या ओठाला चिकटला. त्याने तो बाहीने पुसला, पुन्हा पुसला, चव मात्र गेली नाही. एखाद्याने तिथेच काम टाकलं असतं. बाबलने टाकलं नाही, कारण भोक अगदी गोल येत होतं. कानशीने त्याने कडा साफ केल्या, सायलेन्सर बसवला, दोन्ही बोल्ट आवळले आणि दोरी ओढली.

मशीन किंचाळलं. आवाज मोठा होता, पण पातळ, वर वर चढत जाणारा.

"भुकेला वाटता," लवू म्हणाला.

तसंच होतं. असं आणखी मिनिटभर चाललं असतं तर पिस्टन धरला असता, आणि मेस्त्रीच्या हाताखाली मशीन जाम झालं की तिठ्यावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. बाबलने पेट्रोल वाढवायला कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. सकाळी प्यायलेली पेज त्याच्या पोटातून गेली. पाणी मोरीतून जावं तशी ती गेली, आणि सायलेन्सरच्या नव्या भोकातून कोमट पांढरा शिंतोडा त्याच्या पायावर पडला. पायाची बोटं त्याने आखडून घेतली. आवाज थोडा भरला.

"अजून," लवू म्हणाला.

आणखी पाव फेरा. शेवंती टोप घेऊन दारात आली.

"आयकलात? भात गेलो."

"कोणी खाल्ल्यान?"

"कोणी नाय. माझ्या डोळ्यांदेखत गेलो."

तिने टोप उलटा करून दाखवला. तळाला शीत नव्हतं. तिचे गाल सकाळी भरलेले होते, ते आता बसले होते. भोकातून मेथीच्या लाडवांचा वास यायला लागला. हे लाडू तिच्यासाठी तिच्या आईने पाठवले होते, बाबलने त्यांना हातही लावला नव्हता. त्या वासाला ऑईल लागलं होतं. बाबलला कोरडी ओकारी आली, पोटात ओकायलाही काही नव्हतं.

"घरात जा गो," तो म्हणाला. "दार लावून घे."

ती गेली नाही. तिला उभं राहवत नव्हतं, तरी चौकट धरून ती उभी राहिली.

बाबलने ठरवलं, आता स्क्रूला हात लावायचा नाही. मशीन बंद करायचं, लवूच्या मांडीवर ठेवायचं आणि पुन्हा त्याला कारखान्याची पायरी चढू द्यायची नाही. पण मशीन वरच्या सुराला किंचित अडखळत होतं. एवढंसं. लवूला ते ऐकूही येत नव्हतं. बाबलला येत होतं, कारण गावात असा कान दुसऱ्या कुणाला नव्हता आणि हे त्याला फार आधीपासून माहीत होतं. पाव फेऱ्याचं काम होतं. तो ऐकत राहिला. अडखळणं, पुन्हा अडखळणं.

मग अडखळणं थांबलं. मशीन एका सुरात, जाड आणि गोल, चालायला लागलं. आयुष्यात इतकं चांगलं लागलेलं इंजिन त्याने ऐकलं नव्हतं. त्याने खाली पाहिलं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात होता आणि स्क्रूची खाच आडवीची उभी झाली होती.

"आयकलात?" शेवंती म्हणाली. "माका हलका वाटता."

तिच्या साडीच्या निऱ्या कमरेपासून सरळ खाली आल्या होत्या. ती दोन्ही हातांनी पोट चाचपत होती, कुठे ठेवलेली वस्तू जागेवर न सापडल्यासारखी.

"ह्येका म्हणतत काम," लवू उठत म्हणाला. "आता बंद करा नि हडे द्या."

बाबलचा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात सायलेन्सरला आतून, उजव्या अंगाला, धक्का बसला. पत्रा बाहेर फुगला आणि पुन्हा आत गेला.

अंगठा त्याने उचलला. बंद केलं तर आतल्याचं काय होतं, हे कुठल्याच मशीनने त्याला शिकवलं नव्हतं. दुसरा हात त्याने तापलेल्या पत्र्यावर ठेवला. कातडी चरचरली, आपल्याच मांसाचा वास नाकात गेला, आणि त्या वासाने तोंडाला पाणी सुटलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. तरी त्याने हात काढला नाही.

"मेस्त्रीनू," लवूने टाकीकडे वाकून पाहिलं. "पेट्रोल संपत इला."

बाबल ऐकत होता. जरा थांबून, तळव्याखाली, दुसरी लाथ बसली.