धुराड्याशेजारचा हवामानखांब

मित्रांनो, मी एक जुना हवामानखांब आहे. किन्नौरच्या उतारावर, गोपीचंद नेगींच्या सफरचंदाच्या बागेत उभा. माझ्या डोक्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या फिरतात आणि छातीशी पांढऱ्या पेटीत तापमापक आहे. मी थंडी मोजून शहरात कळवतो. तिथले संगणक माझ्यासारख्या अनेकांचे आकडे घेऊन बर्फाचा अंदाज बांधतात.

मला उभं केलं तेव्हा गावाने माझ्या गळ्यात पांढरं रेशमी उपरणं घातलं होतं. मग एका वर्षी अंदाज चुकला. बर्फाच्या भीतीने लोकांनी कच्चीच फळं तोडली आणि आभाळ कोरडं राहिलं. तेव्हापासून सगळे माझ्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहू लागले. "व्यापाऱ्यांनी फितवलाय याला," गोपीचंदजी म्हणत. त्यांनी मला खेटूनच फळं भरायची पत्र्याची खोली बांधली. तिच्या शेगडीचं धुराडं थेट माझ्या पेटीशी आलं. मला ऊब लागे, मी ऊबच कळवी.

त्या ऑक्टोबरात झाडं पानाफळांनी लगडलेली होती. वर गारांपासून बचावासाठी बांधलेल्या जाळ्या. अंदाज आला : पाऊस पडेल, बर्फाची शक्यता फार कमी. गाव निवांत झालं. गोपीचंदजींच्या सुनेला, छेरिंग बुटीला, मात्र ते पटेना. गाईच्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरली होती. तिने येऊन माझ्या पेटीवर हात ठेवला.

"बाबा, खांब गरम लागतोय!"

"खोटारड्याला ताप आला असेल."

"ताप तुमच्या शेगडीचा आहे!"

तिने शेगडी विझवली आणि हवामान कार्यालयात फोन केला. माझा आकडा वगळून, ताजी निरीक्षणं घेऊन त्यांनी दुपारी नवा अंदाज दिला : बर्फाची शक्यता निम्मी.

"निम्मी म्हणजे? पडेल नाहीतर नाही पडणार! एवढं तर माझी गायही सांगेल."

"जाळ्यांवर बर्फ साचला तर झाडं मोडतील, त्या उतरवू या. जाळी पुन्हा बांधता येईल, बाबा. मोडलेलं झाड कसं बांधणार?"

कुरकुरत का होईना, गोपीचंदजी शिडीवर चढले. शेजारी हसत होते. अंधार पडेपर्यंत दोघांनी जाळ्या उतरवल्या.

पहाटे ओला, जड बर्फ कोसळला. शेजारच्या बागांत बर्फाने भरलेल्या जाळ्यांखाली झाडं काडकाड मोडली. आमच्याही काही फांद्या गेल्या, पण खोडं शाबूत राहिली. गोपीचंदजींनी टोपीने माझ्या पेटीवरचा बर्फ झटकला.

"चढून जाऊ नकोस. खरी सून ठरली, तू नाहीस," ते म्हणाले आणि धुराडं उखडायला लागले.

मित्रांनो, आमच्यावर संशय जरूर घ्या, मलाही माझी खात्री नसते. पण लांबून शिव्या देऊ नका. जवळ या, हात लावून बघा, आणि आमच्याभोवती थोडी मोकळी हवा राहू द्या.