काल्याचं दही आणि गाडीतला फ्रिज

चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट सुटली, की नवनाथचं अर्धं मन घराकडं आणि अर्धं जीपकडं धावायचं. जीप जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली. दोस्तांबरोबर डोंगरात शिरायचं, नदीकाठी तंबू ठोकायचा, हा त्याचा नाद. पण विजयश्री, त्याची बायको, साखरेचा आजार जडल्यापासून त्या जीपमध्ये मुक्कामाला म्हणून बसली नव्हती. रोजचं इन्सुलिन. उन्हाळ्यात ते थंड ठेवावं लागतं, आणि रानात फ्रिज कुठला?

या चैत्रात नवनाथनं हट्टच धरला. "गाडीत चालणारा फ्रिज घेतो. तू यायचंच."

"आधी फ्रिज पटू द्या," विजयश्री म्हणाली. "औषध नासलं तर तिथं कुणाच्या दारात जाऊ मी?"

पिंपरी कॅम्पात दौलतरावांचं तंबू-सामानाचं दुकान. त्यांनी दोन पेट्या पुढं ठेवल्या.

"ही हलकी. पण हिला कंप्रेसर न्हाई. बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशच खाली जाती. बंद गाडी उन्हात तापली की संपलं. ताकाला चालंल, औषधाला न्हाई. ही दुसरी जड हाय, पण कंप्रेसरची. आकडा लावाल तेवढी थंडी. आणि गाडीची बॅटरी उतरायला लागली की आपली आपण बंद पडती, म्हणजे गाडी चालू व्हायची अडत न्हाई."

"आणि खडकाळ रस्त्यावर?"

"ते दुकानात कसं दाखवू, राव? भाड्यानं न्या, हिंडवा, मग ठरवा."

नवनाथनं कंप्रेसरची पेटी भाड्यानं उचलली. त्याच्या गावात तेव्हा हरिनाम सप्ताह चालू होता. उद्या काल्याचं कीर्तन. काला म्हणजे लाह्या, पोहे आणि दही कालवून केलेला देवाचा प्रसाद. सप्ताहाचा सगळा गोडवा त्या मुठीत उतरलेला. देऊळ टेकडीवर, वाट नुसती धोंड्यांची. गेल्या साली उन्हानं दही वाटेतच फसफसलं होतं. नवनाथच्या मनात आलं, देवाची सेवा होईल आणि पेटीची परीक्षाही.

संध्याकाळी त्यानं तानाबाई चुलतीकडून दह्याचे डबे आणले आणि पेटीत भरले. थंडी जेवढी जास्त तेवढी बरी, म्हणून आकडा दाबत दाबत पार तळाला नेला. रात्रभर पेटी घरच्या विजेवर, सकाळी जीपच्या. झाकण उघडलं की गारवा पळतो, म्हणून त्यानं एकदाही आत डोकावलं नाही.

कीर्तन रंगलं. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा सोडल्या, की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग दही मागवलं. नवनाथनं ऐटीत डबा उघडला, पळी घातली. पळी ठण्णकन वाजली.

बुवा वाकून बघत म्हणाले, "नवनाथराव, देव दही चोरायला आला, तर त्याला पहार घेऊन यावं लागंल की!"

मांडव हसला. पखवाजवाल्यानं वर एक थाप ठेवून दिली.

"गेल्या साली आंबलं, औंदा गोठलं," तानाबाई म्हणाली. "मधलं काई येतं का न्हाई रं तुझ्या कंपनीला?"

डबे उन्हात ठेवले. दही फुटून पाणी वेगळं, रवा वेगळा झाला. त्याचाच काला झाला, आणि प्रसादाला नाव कोण ठेवतो? लोकांनी हात चाटून खाल्ला.

विजयश्री मात्र हसली नव्हती.

"दह्याचं निदान दिसलं तरी," घरी आल्यावर ती म्हणाली. "एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत न्हाई, आणि बघून कळेलच असं न्हाई. मी तेच टोचून घेतलं असतं. तुम्ही जा. मी न्हाई येत."

नवनाथनं पेटीकडं पाहिलं. वाटेत एवढे आचके बसले, तरी आकडा जागचा हलला नव्हता: उणे अठरा. लावलेला त्यानंच. पेटीनं बिचारीनं सांगितल्या हुकमाबाहेर काही केलं नव्हतं.

"पेटी चुकली न्हाई," तो हळूच म्हणाला. "मी चुकलो. अजून एकदा बघू. आकडा तू लाव, झाकणही तूच उघड."

तिनं पेटीचं झाकण उघडून आत हात घालून बघितला. मग म्हणाली, "उद्या शिफ्ट सुटल्यावर. भर उन्हात."

इन्सुलिनला दोन ते आठ अंश लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं पाचाचा आकडा लावला. आत झाकणाच्या दोन पेल्यांत पाणी, दोन्हीत एकेक तापमापक. एक पेला कडेला, एक मधोमध. जीप त्याच टेकडीवर चढली, आदळत उतरली, पुन्हा चढली. वर इंजिन बंद करून दोघं देवळाच्या सावलीत बसली. नवनाथचे ओठ नामस्मरणात हलत होते, लक्ष पेटीत.

ऊन कलल्यावर विजयश्रीनं झाकण उघडलं. मधल्या पेल्यात पाच. कडेच्या पेल्यात तीन, पण बर्फाचा कणही नाही.

"कडेला जास्त गार हाय," ती म्हणाली. "औषध मधल्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. भिंतीला टेकवायचं न्हाई."

"म्हणजे... येणार?"

तिनं पर्समधून चिकटपट्टी काढली आणि पेटीच्या बटणांवर आडवी-उभी चिकटवली. देवापुढच्या करंड्यातलं हळदकुंकू आणून झाकणाला बोट लावलं.

"नमस्कार करायचा तो इथून करा," ती म्हणाली. "बटणाला तुमचा हात न्हाई."

नवनाथनं खरोखरच हात जोडले, आणि दौलतरावांना फोन लावला, की पेटी परत येत नाही.