शिवलेला किनारा

मित्रांनो, जरा सावकाश उघडा. मी एक जुना नकाशा आहे आणि घडी मोडताना आता माझी हाडे दुखतात. नकाशाला हाडे नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षे त्याच टेबलावर, त्याच घडीवर उघडले-मिटले गेले की जे दुखते, त्याला मी दुसरे काय म्हणू?

माझा जन्म छापखान्यातला. आधी माझ्यावर निळा समुद्र छापला, मग हिरवे डोंगर, आणि सगळ्यात शेवटी किनाऱ्याने जाणारा तांबडा रस्ता. खाली बंदर, वर टोकाला दीपगृह आणि मध्ये वळणेच वळणे, एवढाच माझा मुलूख. घडी घालणाऱ्या यंत्राने माझी मधली घडी नेमकी त्या रस्त्यावरच आडवी पाडली. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. कोऱ्या कागदाला आपण कुठे फाटणार हे थोडेच कळते?

पुढे मी एका पेट्रोल पंपावर तेलाच्या डब्यांशेजारी उभा होतो. गिऱ्हाइके मला उघडायची, पाहायची आणि भलत्याच घडीने परत कोंबायची. एक दिवस एक नवे जोडपे मोटारसायकलवरून आले. तो पेट्रोल भरत होता, तेवढ्यात तिने मला उचलले.

"अहो, हा रस्ता बघा. सगळा समुद्राला चिकटून जातोय."

"जाऊ की," तो म्हणाला. "थंडी संपली की जाऊ."

मित्रांनो, ती थंडी केव्हाच संपली, जाणे मात्र राहिले.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता आणि ती घरच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची. दर वर्षी हवा जरा उबदार झाली की जेवणाचे टेबल पुसले जायचे आणि मला त्यावर पसरायचे. माझ्या चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चहाचा कप, बटणांचा डबा आणि त्याचे घड्याळ बसायचे. मग ती शिलाईचा दोरा घ्यायची. रस्ता जसा वळतो तसा तो दोरा बोटाने दाबत दाबत बंदरापासून दीपगृहापर्यंत न्यायची, तिथे चिमटीत धरायची आणि माझ्या कोपऱ्यातल्या मापपट्टीवर धरून अंतर सांगायची. तो तिला म्हणायचा, "तुझ्यासारखं माप सरकारलासुद्धा जमणार नाही." ती मान खाली घालून हसायची. ते कौतुक तिचे होते, पण दोऱ्याखाली मी होतो म्हणून थोडे माझेही समजायचो.

कुठे थांबायचे, कुठे चहा घ्यायचा, कुठल्या वळणावर तिने डावीकडे पाहायचे, सगळे ठरायचे. आणि मग घोडे अडायचे. कधी पंप बिघडायचा, कधी पाळीतला जोडीदार आजारी पडायचा, कधी लेकीची परीक्षा, कधी तिच्याकडे लग्नाच्या कपड्यांचा ढीग. तो पंप म्हणजे त्या घरातली दुसरी सासू होती. त्याची मर्जी सांभाळता सांभाळता दोघांच्या नाकी नऊ यायचे. शेजारी त्याला दौरेवाले म्हणू लागले. "काय दौरेवाले, या वर्षी कुठवर पोचलात?" असे कोणी विचारले की तो सरळ उत्तर द्यायचा, "टेबलापर्यंत."

तुम्हाला वाटेल, न गेलेल्या नकाशाला कसला आला थकवा? पण प्रवासाला नेलेला नकाशा काही दिवस झिजतो आणि सुटतो. बेत करणाऱ्यांच्या हातातल्या नकाशाची सुटका नसते. माझ्यावर चहा सांडला, मीठ सांडले, लेकीने लहानपणी समुद्रात एक मासा काढला. मी सगळे सोसले. शेवटी एका वर्षी दोरा रस्त्यावरून जात असतानाच मी मधल्या घडीवर फाटलो आणि माझे दोन तुकडे झाले.

तो हळहळला. ती म्हणाली, "द्या इकडे. चिकटपट्टी नको, पिवळी पडते. मी नीट करते."

मित्रांनो, तिने मला शिलाई मशीनवर घेतले. तिचे हात शिवणाचे होते, त्यामुळे तिने जे कापडाला केले असते तेच मला केले. कापड जोडताना कडेला थोडी माया सोडतात, म्हणजे एक काठ दुसऱ्यावर थोडा चढवतात, नाहीतर शिवण उसवते. तिने माझा वरचा तुकडा खालच्यावर बोटभर चढवला, मागून खळीने फडक्याची पट्टी चिकटवली आणि खडखड टीप मारली. काम इतके सफाईदार झाले की तांबडा रस्ता तांबड्या रस्त्याला बरोबर जुळला. पण त्या बोटभर शिवणीत किनाऱ्याचा एक तुकडा झाकला गेला. हे मला कळत होते. सुई अंगातून जात असताना ओरडावेसे वाटत होते, पण नकाशाला कोण विचारतो?

त्या वर्षी दोरा कमी भरला. "बघा, अंतर कमी झालं," ती खूश होऊन म्हणाली. "आधी तू दोरा सैल धरत असशील," तो म्हणाला. मग त्यांनी बेतातला एक मुक्काम आणखी पुढच्या ठिकाणी नेला आणि मी गप्प पडून राहिलो.

मग घरात मोबाइल फोन आला. लेक मोठी झाली होती. ती म्हणाली, "आई, तो नकाशा टाकून दे आता. फोनमध्ये सगळं आहे." तिने बंदर आणि दीपगृह अशी दोन ठिकाणे टाकली. फोनने झटकन आतला मोठा रस्ता दाखवला, सरळ आणि लवकर पोचवणारा. बापाने चष्मा सारून पाहिले. "याला फार घाई आहे," तो म्हणाला. "हा आपल्याला समुद्र न दाखवताच पोचवेल." तरीही त्यानंतर माझ्याकडे कानाडोळाच झाला. मी सुऱ्या-चमच्यांच्या खणात गेलो. तिथे अंधार होता, थोडा ओलसर वास होता, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. कोणी उघडत नव्हते. मी समजलो, झाले आपले.

एका संध्याकाळी खण उघडला. तिचा हात होता, पण तो नेहमीसारखा चटकन आला नाही. एका हाताने ती कंबर धरून उभी होती. मला टेबलावर ठेवून ती खुर्चीत अलगद बसली आणि त्याला म्हणाली, "मणक्याचं ऑपरेशन करावंच लागेल म्हणाले डॉक्टर. त्यानंतर मोटारसायकलवर बसायचं नाव काढायचं नाही, कधीच."

त्याने मिठाची बरणी उचलून माझ्या कोपऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्याने सांगितले की रजा मिळाली. "साहेब म्हणाले, पंपाचं काय? मी म्हटलं, पंपाला माणसं मिळतील. ती मागे बसू शकते तोवरच मला जायचंय." एवढे बोलून तो बूट काढायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

तेव्हा मला माझ्या थकव्याची लाज वाटली. इतकी वर्षे मी या दोघांवर चिडून होतो. आता मात्र एकच धास्ती लागली, की या वेळीही पंप आडवा आला तर? मोटारसायकलवर बसायला तिच्यासाठी पुढचे वर्ष नव्हते.

पंप आडवा आला नाही. तिने पाठीसाठी एक गादी शिवली आणि पेट्रोलच्या टाकीवर बांधायच्या पिशवीला पारदर्शक कप्पा लावून त्यात मला ठेवले. आम्ही बंदरापासून निघालो. मित्रांनो, माझ्यातला समुद्र एकाच निळ्या रंगाचा आहे. खरा समुद्र तसा नव्हता. तो कुठे राखाडी होता, कुठे हिरवट, आणि उन्हात तर त्याच्याकडे पाहवत नव्हते. गाडी तो हळू चालवत होता. तिची पाठ दुखली की थांबायचा, ती दोन पावले चालायची, पुन्हा बसायची. ठरलेल्या वळणावर तो नुसती मान वळवायचा आणि ती डावीकडे पाहायची. बेत अगदी जुळत होता. मी मात्र मनातून धास्तावलो होतो, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होते.

उन्हे उतरताना रस्ता एका उतारावरून खाली गेला आणि पाण्यात संपला.

समोर रुंद खाडी होती. रस्ता पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होत होता. अलीकडे चिखलात एक सपाट नाव टेकलेली होती आणि नाववाला दोर गुंडाळत होता.

"दीपगृहाकडे जायचंय," तो म्हणाला.

"ओहोटी लागली. आता सकाळीच," नाववाला म्हणाला. "पूल आहे, पण पार आत. सगळी खडी आहे तिकडे, बाईंना झेपायची नाही."

सकाळची नाव धरली असती तर परतीचा दिवस हातचा गेला असता, आणि परतल्याबरोबर ऑपरेशन होते. म्हणजे दीपगृहावर पाणी सोडायचे. तो मला हातात घेऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत एकदाही या खाडीचे नाव टेबलावर निघाले नव्हते; फाटण्याआधीही ती घडीच्या सुरकुतीत असायची आणि दोरा तिच्यावरून तसाच निघून जायचा. "असं कसं झालं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

तिने मला त्याच्या हातून घेतले, उलटे केले आणि फडक्याच्या पट्टीवरून बोट फिरवले. मग ती काठावरच्या बाकावर बसली.

"अहो, ही माया मी सोडलीय," ती म्हणाली. "तुमची खाडी माझ्या शिवणीत गेली."

तिच्या पर्समध्ये छोटी कात्री असायचीच. तिने एक एक टाका उसवला. खळीने धरलेला काठ अलगद सुटला आणि माझे पुन्हा दोन तुकडे झाले. वरच्या तुकड्याच्या काठाखालून निळी खाडी बाहेर आली. तिच्यात एक नाव छापलेली होती, मुंगीएवढी. दोघांनी डोकी जवळ आणून ती पाहिली.

"तुला वरचा किनारा दाखवायचा राहिला," तो म्हणाला.

"राहू द्या. हे बेतात असतं तर तुम्ही मला इथे चहापुरतं बसू दिलं असतं आणि चला म्हणाला असतात."

तो हसला, मग त्याने डोळे पुसले. अंधार पडेपर्यंत दोघे तिथेच बसून होते. पाणी उतरत गेले, पक्षी चिखलात उतरले, नाववाल्याने न मागता दोन कप चहा आणून दिला. तिने गादी पाठीमागे घेतली होती आणि तिचा हात त्याच्या हातात होता. मी तिच्या मांडीवर दोन तुकड्यांत पडून होतो आणि मला मुळीच दुखत नव्हते.

आता तिचे ऑपरेशन झाले आहे. ती हळूहळू चालते आणि थोडे थोडे शिवते. मोटारसायकल त्याने लेकीला दिली. माझा खालचा तुकडा मशीनच्या वर भिंतीवर आहे. त्यावर समुद्राच्या वाऱ्याचे, चिखलाचे आणि बोटांचे डाग पडले आहेत, आणि ते ती कोणाला पुसू देत नाही. त्याने एकदा विचारले की दोन्ही तुकडे पुन्हा जोडायचे का. ती नको म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे कोणी खणात पडले असेल. त्याला जपा, ओल लागू देऊ नका, फाटले तर नीट जोडा आणि जोडताना खाली काय झाकले जाते तेही बघा. पण एवढ्यावर थांबू नका. आम्हाला बाहेर न्या. आम्ही टेबलावर म्हातारे व्हायला छापलेले नसतो, आणि ज्यांच्यासोबत तुम्ही बेत करता ती माणसेही वाट बघून थकतात.

आज सकाळी त्याने वरचा तुकडा टेबलावर पसरला आणि कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली. "एसटीलाही खिडकी असते," तो म्हणाला. ती समोर बसली आहे आणि सुईत दोरा न ओवता नुसताच हातात घेऊन खाडीच्या पलीकडच्या काठावर ठेवते आहे.