दोन डाव्या बाह्या

"दोन्ही बाह्या डाव्या!" धाकटीने मखमलीचे दोन तुकडे टेबलावर टाकले. "ताई, अगं जन्म गेला तुझा कापण्यात, आणि दोन्ही डाव्या?"

ताईने तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. मखमल घसरते, म्हणून ती दुहेरी घडीवर कापत नाहीत. एकेरी कापायची आणि दुसऱ्या बाहीला मापाचा कागदी फर्मा उलटा ठेवायचा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. शिकाऊ पोरी इथे एकदा चुकतात, शिव्या खातात आणि पुन्हा म्हणून चुकत नाहीत. ताईचं तर शिकणं संपून युगं लोटली होती. त्यात कापड गिऱ्हाइकाने आणलेलं, उरलं होतं चिंधीभर.

ही पहिलीच चूक असती तर ती हसून मोकळी झाली असती. पण वर्षभर हेच चाललं होतं. बोलता बोलता शब्द पळायचा. "अगं ते... ते कापायचं दे ना," म्हणत कात्रीकडे बोट दाखवायची. पाळी लांबत लांबत बंद झालेली, अंगातून वाफा निघायच्या, रात्री डोळ्याला डोळा नाही. तेवढं तिने निमूट सोसलं. विसरणं मात्र सोसवेना, कारण ते तिने घरात पाहिलं होतं. दोघींची आई शेवटी शेवटी ताईच्याच हातून जेवायची आणि विचारायची, "तुम्ही कोण?"

"मी आईच्या वाटेला लागले गं!" ताई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

धाकटीने दुकानाचं शटर ओढलं आणि तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली.

"इस्ट्रोजेन हार्मोन काही फक्त पाळीपुरतं नसतं," बाई म्हणाल्या. "मेंदूलाही त्याचा आधार असतो. ते कमी होताना मेंदू गडबडतो, त्यात तुमची झोप मोडलेली. शब्द अडणं, विसरणं पुष्कळजणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. त्रासावर उपचारही आहेत."

"आणि आईसारखं?"

"ते सहसा एवढ्या लवकर सुरू होत नाही. तरी तपासण्या करू."

"होणार नाही, एवढं म्हणा ना. पाया पडते तुमच्या."

"पुढचं मी लिहून देऊ शकत नाही हो. पण आत्ता मला तसं दिसत नाही."

तेवढाच धीर पदरात घट्ट धरून ताई दुकानात परतली. पण कात्रीला हात लावायला काही धजेना.

"तपासण्या होईतो तूच काप," ती धाकटीला म्हणाली.

"मी? मी जन्मभर नुसती मशीन मारतेय. तू कधी कात्रीला हात लावू दिलास?"

"मग काय करू? दुकानाला टाळं लावू?"

"टाळं कशाला? शिकव की मला!" धाकटी वैतागून ओरडली. "आठवतंय तोवर शिकव!"

म्हणाली आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला. ताईला उमगलं. म्हणजे हिलाही तेच वाटतंय. जिला कडेवर घेऊन वाढवलं, तिलाही.

"ताई, तसं नव्हतं गं म्हणायचं मला..."

"तसंच म्हणायचं होतं." ताई म्हणाली. तिने कात्री धाकटीच्या हातात दिली, मागे उभी राहिली आणि तिच्या बोटांवर आपली बोटं दाबली. "अंगठा इथे. आणि लवकर शिक. राणी माझी, लवकर शिक."