शेवाळाचा रकाना

"काका, चष्मा लावा आणि इथे बघा," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "तिसरं नाव."

चाळणकाकांनी ओले हात ॲप्रनला पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि वाकून पाहिलं. सगळ्यात वर बाईंचं नाव, त्याखाली कुठल्याशा विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं, आणि तिसरं त्यांचं स्वतःचं. वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत सगळं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत आपलं पूर्ण नाव छापलेलं त्यांनी दोनच ठिकाणी पाहिलं होतं: ओळखपत्रावर आणि मुलीच्या लग्नपत्रिकेवर.

"हे कशाला, बाई? मी आपला चिखल चाळणारा माणूस."

"तुम्ही चाळलात म्हणून मी लिहू शकले. उद्या दुपारी बाराला शोधनिबंध पाठवायचाय. आणि महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय, तेव्हा पार्टी तुमच्याकडून."

बाई त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या होत्या, पण शास्त्रज्ञ त्या होत्या, म्हणून बाई. आणि काकांना संस्थेत सगळेच चाळणकाका म्हणत. संस्थेचं जहाज वर्षातून चार वेळा समुद्रातल्या एकाच ठरलेल्या जागी जायचं, हजार मीटर खाली लोखंडी पेटी सोडायचं आणि तळाचा चिखल उचलून आणायचं. चिखलाच्या बादल्या प्रयोगशाळेत आल्या की पुढचं सगळं काकांचं. एकावर एक तीन चाळण्या, वरून नळीतून पाण्याची बारीक धार, आणि चिखल वाहून गेल्यावर मागे राहिलेले जीव चिमट्याने उचलून बाटल्यांत भरायचे: किडे, शिंपले, पाच हातांचे इवलेसे तारे. त्या ताऱ्यांचे हात इतके ठिसूळ की नळी जरा जोरात सोडली तरी गळून पडावेत. काकांच्या बाटलीत तारा पाचही हातांनिशी उतरायचा. नवीन माणूस नोकरीला लागला, मग तो केवढाही शिकलेला असो, की पहिला आठवडा त्याला काकांच्या शेजारी उभा करत.

"आता ही रेघ बघा," बाई म्हणाल्या. पडद्यावर एक रेघ डावीकडून निघाली होती. बराच वेळ ती तळाला चिकटून सरपटत होती आणि शेवटी एकदम ताठ वर चढली होती.

"हे शेवाळ आहे. केल्प. किनाऱ्याजवळ कातळाला धरून वाढतं ना, लांब पट्ट्यांचं, ते. वादळात उपटतं, वाहत वाहत खोल पाण्यावर जातं आणि बुडतं. खाली उजेड नाही, काही उगवत नाही. तिथल्या जिवांना ते म्हणजे घरपोच जेवण! आणि तुमच्या नोंदवह्या सांगतात की सव्वीस वर्षं तिथे एक पातसुद्धा पोचली नव्हती. गेल्या दोन वर्षांत पोचायला लागली. समुद्रात काहीतरी मोठं बदललंय, काका."

रेघ जिथून वर चढली होती तिथे काकांनी पुन्हा पाहिलं. समुद्रात काही बदललं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाई आल्या होत्या, एवढाच काय तो बदल.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी त्यांना समोर उभं करून शिकवलं होतं. "चाळायच्या आधी शेवाळ काढून टाकायचं. चाळणीची भोकं बुजतात. आणि ते तळाचं नव्हेच, पेटी वर येताना मधल्या पाण्यात अडकतं. आपल्या कामाचं नाही."

"मग वहीत शेवाळाचा रकाना आहे, त्यात काय लिहू?"

"शून्य लिही. रिकामा रकाना वाईट दिसतो."

म्हणून शून्य. दर खेपेला शेवाळ मागच्या बादलीत, आणि वहीत शून्य. बाईंनी आल्या दिवशीच बजावलं होतं, काही टाकायचं नाही, सगळं मोजायचं. त्या दिवसापासून काका सगळं मोजत होते. जुनी शून्यं कुणी खरी धरून बसेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती मोजणी नव्हतीच. रकाना भरायची रीत होती.

"बरं," ते म्हणाले आणि चाळणीकडे परत गेले.

संध्याकाळी घरी मात्र तोंडून निघून गेलं, की आपलं नाव छापून येतंय. बायको लगेच फोनला चिकटली. आधी बहीण, मग नणंद, मग मुलीच्या सासरी. "हो हो, शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं!" फोन ठेवून ती समोर येऊन बसली. "लग्न ठरवताना मध्यस्थ काय म्हणाला होता आठवतंय? मुलगा समुद्रसंशोधनात आहे! आणि इथे येऊन बघते तर तुम्ही चिखल चाळताय. इतकी वर्षं तुमच्या शर्टांचा वास काढतेय मी. आज कुठे तो वास कामी आला."

काका हसले नाहीत. तेव्हा तिने विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"साहेबांनी सांगितलं तेच केलंत ना तुम्ही?"

"हो."

"मग विचारू दे त्यांना साहेबांना."

"साहेब जाऊन आठ वर्षं झाली."

"मग गेलेल्या माणसाला कशाला ओढताय यात? आणि महिन्याभरात तुम्ही घरी बसणार. एकदा नाव येतंय तर येऊ दे की, अहो! हजार मीटर खाली जाऊन कोण बघणार आहे?"

"बाई बघतील. आज नाही तर पाच वर्षांनी. आणि मग त्यांचं हसं होईल."

खोटं कशाला बोला, त्यांना ते नाव हवं होतं. दुपारपासून ते मनातल्या मनात दहादा वाचून झालं होतं. बायको खूप वेळ भाजी निवडत बसली.

"सांगणार असाल तर सांगा," शेवटी ती म्हणाली. "पण मग मला आधी नाही का सांगायचंत? विहीणबाईंना फोन झालाय माझा!"

सकाळी बाई खोलीचं कुलूप उघडत होत्या तेव्हा काका दाराशी उभे होते. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. बाई आधी हसल्या, मग खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे शेवाळ होतं?"

"होतं. दर खेपेला. कधी मूठभर, कधी अर्धी बादली. वादळी दिवसांनंतर जास्त. एकदा तर मुळासकट आलं होतं, मुळात दगड धरलेला."

"त्यावर जीव असायचे?"

"भरलेलं असायचं, बाई. गोगलगायी, पांढरे किडे, काटेरी गोळे. चिखलात चार मिळायचे तिथे एका पातीवर चाळीस."

"मग त्या जिवांचं काय केलंत?"

काकांनी खाली पाहिलं. एका ताऱ्याचा हात मोडू न देणारा माणूस, आणि चाळीस चाळीस जीव त्याने बादलीत ओतले होते. काल रात्रीपर्यंत जपणारे आणि ओतणारे हात एकच आहेत हे त्याला कधी टोचलं नव्हतं. आता टोचत होतं, आणि लाज वाटत होती.

"शेवाळाबरोबरच टाकले. साहेब म्हणायचे, ते आपलं नव्हे, वरून आलेलं."

"वरूनच येतं ते, काका! तेच तर आहे सगळं!" दोन वर्षांत पहिल्यांदा बाईंचा आवाज चढला. मग त्याच आवाजात, पण जरा खाली, "तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?"

"एकदा वाटलं होतं साहेबांना विचारावं. त्यातल्या कित्येकांना डोळे नसायचे. वरच्या उजेडातल्या जिवाला डोळे का नसावेत, असं वाटायचं."

"मग विचारलं का नाहीत?"

"आधी नवा होतो म्हणून. मग जुना झालो म्हणून."

बाई पडद्याकडे वळल्या. "तुम्हाला आठवतंय ते सगळं लिहून द्याल? कुठल्या महिन्यात किती?"

"देईन. पण ते मुठीचं माप आहे, बाई. वजन केलेलं नाही."

"मग उपयोग नाही."

"नाही," काका म्हणाले. हे दोघांनाही माहीत होतं.

"तुमचं नाव काढावं लागेल."

"काढा."

"माझंही काढतेय. निबंधच उरला नाही." त्यांनी खरंच तो पडद्यावरून घालवला. "जुन्या वह्यांचं काहीतरी करायला हवं. नाहीतर माझ्यासारखं आणखी कुणीतरी फसेल. वर एक चिठ्ठी चिकटवू का?"

"चिठ्ठी गळून पडते. मी करतो दुरुस्त."

त्या सव्वीस वर्षांच्या वह्या तीन होत्या, पानं एकशे चार, दर खेपेला एक. प्रयोगशाळेचा नियम असा की लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नाही आणि गिरगटायचंही नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि सही करून तारीख घालायची. काकांनी शेवटच्या पानापासून सुरुवात केली. शून्यावर रेघ, वर 'मोजले नाही', सही, तारीख. साहेब होते तोवरच्या दर पानावर कोपऱ्यात त्यांचं 'तपासले' आणि सही होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

दुपारी बाई चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक त्यांच्यापुढे ठेवला आणि उरलेली पानं बोटाने चाळून पाहिली.

"अर्धी पानं मी करू का?"

"नको. सही माझी आहे."

चौथ्या दिवशी ते पहिल्या पानाशी पोचले. त्या पानावरचं शून्य तिशी गाठलेल्या, नुकती नोकरी लागलेल्या माणसाने जीव ओतून काढलेलं होतं, गोल गरगरीत, कुठे जोड दिसत नव्हता. बाजूला साहेबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अक्षर छान आहे.'

काकांनी पट्टी ठेवून रेघ मारली. वर 'मोजले नाही' लिहिलं, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात. सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.