दोन ड्रायव्हरांपुरती जागा

संगणकात पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, चढला की दामोदर बिडकरांच्या घरातली एक खोली जायची. पहिल्यांदा माजघर गेलं. बैठकीच्या खोलीतून उचललेलं पाऊल थेट स्वयंपाकघरात पडलं. बिडकरांनी ते मनावर घेतलं नाही. पडद्यावर प्रमिला दिसत होती.

नवराबायकोनं याच जुन्या संगणकावर गावाच्या लग्नपत्रिका केल्या होत्या. ती टाइप करायची, ते कागद लावायचे. ती वारल्यावर त्यांनी मशीन सुरू केलं, तर ही हिरव्या रेषांत पाटावर बसलेली, त्यांच्याकडे पाठ करून. वेणी नीट घातलेली. मांडीवर काहीतरी घेऊन हात चालूच. बिडकरांनी काच वाजवली, हाका मारल्या. ती वळली नाही.

त्यांनी दुरुस्तीवाल्या रियाज मुल्लाला बोलावलं. त्यानं पडद्यात डोकावून पाहिलं.

"काकू, तब्येत सुधारलीय की."

"तिला ऐकू जात नाही."

"कसं जाईल काका? पडद्याच्या ड्रायव्हरनं नुसतं दिसतं. तुमचं म्हणणं आत पोचायला कीबोर्डचा ड्रायव्हर पाहिजे."

"मग चढव."

"दोघांना बसायला मेमरी नको? एक तर बघा, नाहीतर बोला."

"तिनं एकदा माझ्याकडे वळून बघावं. दुसरं काही नको मला."

"मग घरातनं जागा काढावी लागेल."

"काढ."

रियाजनं स्वयंपाकघरावर नजर टाकली. "आधी चहा तरी करून घ्या."

चहा झाला आणि स्वयंपाकघर गेलं. पण हाताच्या सवयीनं रियाजनं मशीन सुरू होताना वाचतं त्या फाइलीत कीबोर्डची ओळ वर लिहिली होती. कीबोर्ड आधी जाऊन पसरला, पडद्याला जागा उरली नाही. काच काळी झाली. बिडकर उभेच राहिले.

"चुकलं," रियाज म्हणाला. त्यानं ओळींची अदलाबदल केली, मशीन पुन्हा सुरू केलं. न्हाणीघर गेलं. प्रमिला आली. कीबोर्डला अजून थोडी जागा कमी पडत होती.

"मी निघतो काका. अजून दार आहे तोवर."

"जा. छत्री विसरू नकोस."

तो उंबऱ्यापलीकडे गेला आणि त्याच्यामागे भिंत झाली. तेवढी जागा पुरली.

बिडकरांनी तिचं नाव टाइप केलं. अक्षरं पडद्यावर उमटली नाहीत. वरून थेट तिच्या मांडीवर पडली. प्रमिला जराशी कलती झाली, तेव्हा मांडीवरचं सूप दिसलं. सुपात तांदूळ होते. तिनं एकेक अक्षर निवडून बाजूला टाकलं.

'मी आहे,' त्यांनी लिहिलं. 'इकडे बघ.'

तिनं तेही निवडलं. बिडकरांच्या दोन्ही खांद्यांना भिंती लागल्या. ते लिहीत राहिले. तिनं मान वर न करता आतल्या बाजूला आवाज दिला, "अहो, कुठनं आणलेत हे तांदूळ? नुसते खडेच आहेत."

"दे टाकून," आतून कोणीतरी म्हणालं.

आवाज बिडकरांचाच होता. ती हसली, अगदी घरात हसायची तशी.

भिंत खुर्चीच्या पाठीला येऊन टेकली. बिडकरांनी पुढचं अक्षर दाबलं. प्रमिलानं ते चिमटीत धरलं आणि उजेडात नेऊन पाहिलं.